यशवंतराव दिल्लीत पोहोचले तेव्हा युद्ध संपलं होतं

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात शाळेपासून कानावर पडतं. ते ऐकून डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते असं : सीमेवर तोफा धडधडताहेत आणि यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला निघाले आहेत. प्रत्यक्षात २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि चीनने एकतर्फी शस्त्रसंधीची घोषणा केली ती त्याच दिवशी. ईशान्य सीमेवरची से ला आणि बोमदिला ही महत्त्वाची ठाणी पडून दोन-तीन दिवस झाले होते. लष्करप्रमुख जनरल थापर बाजूला झाले होते. यशवंतरावांना लढायला युद्ध उरलंच नव्हतं. त्यांच्या हाती आलं ते हरलेलं सैन्य, एकमेकांवर विश्वास नसलेले अधिकारी आणि संतापलेली संसद.

त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी काय केलं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. एका ओळीत गौरव होतो आणि विषय मिटतो. मला मात्र ही चार वर्षं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची वाटतात. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी महाराष्ट्र घडवला हे खरंच. पण निवडून आलेला मंत्री आणि गणवेशातला सेनापती यांच्यात कामाची वाटणी कशी असावी, या फार अवघड प्रश्नाचं एक उत्तर त्यांनी दिल्लीत वागून दाखवलं. त्या उत्तराचे फायदे देशाला मिळाले आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

संरक्षणमंत्री नेमकं काय करतो?

आधी एक गोंधळ दूर करू. अमेरिकेत ‘डिफेन्स सेक्रेटरी’ म्हणजे आपला संरक्षणमंत्री. भारतात संरक्षण सचिव हा सनदी अधिकारी असतो आणि त्याच्यावर मंत्री असतो. यशवंतरावांच्या काळात पी. व्ही. आर. राव सचिव होते. मंत्र्याच्या एका बाजूला सचिव आणि मंत्रालय, दुसऱ्या बाजूला लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे तीन प्रमुख, आणि डोक्यावर पंतप्रधान व मंत्रिमंडळ. युद्धाच्या काळात मंत्रिमंडळाची एक छोटी समिती मोठे निर्णय घेते.

आता ही यंत्रणा चालते कशी? आपल्याकडच्या माणसाला सहकारी साखर कारखान्यावरून हे लगेच समजेल. हंगाम कधी सुरू करायचा, किती ऊस गाळायचा, भाव काय द्यायचा, कर्ज काढायचं का, हे चेअरमन आणि संचालक मंडळ ठरवतं. बॉयलरचा दाब किती ठेवायचा हे चीफ इंजिनिअर ठरवतो. चेअरमन निवडून आलेला असतो, इंजिनिअर शिकून आणि अनुभवाने त्या जागेवर आलेला असतो. चेअरमन खाली उतरून स्वतः व्हॉल्व्ह फिरवू लागला तर अपघात ठरलेला. पण बॉयलर हे आपलं काम नव्हे, असं म्हणून त्याने ‘बॉयलरमध्ये जाळायचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, किती शिल्लक आहे, किती दिवस पुरेल’ हेही विचारलं नाही, तर कारखाना भर हंगामात बंद पडेल. आत शिरून ढवळाढवळ करणं आणि जबाबदारीने प्रश्न विचारणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण त्या सारख्या नाहीत.

हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण १९६२ मध्ये पहिली चूक झाली आणि १९६५ मध्ये काही प्रमाणात दुसरी.

बासष्टमध्ये काय मोडलं

१९६२ च्या पराभवाचं खापर तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर फुटलं आणि त्यात बरंच तथ्यही होतं. १९५९ मध्येच लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी पटत नाही म्हणून राजीनामा दिला होता. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला, पण तडा गेला तो गेलाच. बढत्या गुणांवर मिळतात की मंत्र्यांच्या मर्जीवर, अशी कुजबुज अधिकाऱ्यांत सुरू झाली. लढाईत मोठ्या फौजेचं नेतृत्व केल्याचा फारसा अनुभव नसलेल्या जनरल कौल यांच्याकडे ईशान्येकडच्या नव्या कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेची, सूत्रं दिली गेली. सीमेवरच्या थाग ला या डोंगरकड्यावरून चिन्यांना हुसकावा, हा हुकूम दिल्लीतून गेला. कोणती तुकडी कोणत्या चौकीवर बसवायची इथपर्यंत सूचना वरून येत होत्या. खाली नामका चू या नदीच्या काठी जवान सुती गणवेशात, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन, बर्फात उभे होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला आला आणि तिथली ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली.

महिनाभराच्या त्या युद्धात, सरकारी आकड्यांनुसार, १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ युद्धकैदी झाले.

तरीही मेनन यांच्याबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मिग विमानांचा रशियाशी झालेला पहिला करार, संरक्षण संशोधनाची संस्था, आवडीचा रणगाडा कारखाना, सैनिकी शाळांची कल्पना, या सगळ्यांची सुरुवात त्यांच्या काळातली. साताऱ्याची देशातली पहिली सैनिकी शाळा जून १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा मेनन संरक्षणमंत्री होते आणि यशवंतराव मुख्यमंत्री. पुढे यशवंतरावांच्या नावावर जमा झालेल्या कित्येक गोष्टींचं बी मेनन यांनी पेरलं होतं. त्यांच्याकडे नव्हती ती माणसांना सोबत घेऊन चालण्याची हातोटी, आणि यशवंतरावांपाशी नेमकी तीच होती.

देवराष्ट्रे ते साउथ ब्लॉक

ही हातोटी कुठून आली, हे थोडक्यात. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे या आजोळच्या गावी जन्म, वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी कष्टाने वाढवलं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाच स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास. कोल्हापुरात बी. ए., पुण्यात वकिली, बेचाळीसमध्ये भूमिगत. त्यानंतरचा टप्पा जास्त महत्त्वाचा. १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा निम्मा महाराष्ट्र त्यांच्यावर चिडलेला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून त्यांच्यावर रोज टीकेचा भडिमार व्हायचा. त्या साडेतीन वर्षांत ते विरोधकांचं ऐकून घ्यायला शिकले, अधिकाऱ्यांवर विश्वास टाकायला शिकले, आणि घाई न करता अखेर मराठी राज्याचा कलश आणूनच थांबले. दिल्लीला जाताना त्यांच्याकडे लष्कराचा अनुभव शून्य होता. चिडलेल्या माणसांना एका खोलीत बसवून काम करून घेण्याचा अनुभव मात्र त्या वेळच्या भारतात फार थोड्यांकडे होता.

साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे दिल्लीतल्या संरक्षण मंत्रालयाच्या तेव्हाच्या इमारतीत, त्यांनी एक साधी सवय सुरू केली. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि मंत्रालयाचे वरिष्ठ अधिकारी मंत्र्यांच्या खोलीत एकत्र बसायचे. बैठक अनौपचारिक असायची. कुणाचं काय अडलंय ते तिथल्या तिथे समजायचं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण आधीच्या काळात सेनाप्रमुखाला मंत्र्यापर्यंत एखादी गोष्ट पोहोचवायची तर फाइल कित्येक टेबलांवरून फिरायची आणि मधल्या प्रत्येक टेबलावर संशय वाढायचा. आता तीच माणसं रोज समोरासमोर बसत होती. बढत्यांच्या बाबतीत लष्कराच्या निवड मंडळांचं म्हणणं मानायचं, हा संकेतही त्यांनी पाळला. नवे लष्करप्रमुख जनरल जयंतो नाथ चौधरी यांना घरच्या वादांत वेळ घालवावा लागला नाही.

पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. ती लष्करातल्या त्रुटींपुरती मर्यादित होती, सरकारचे निर्णय तिच्या कक्षेत नव्हते. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी तिचे निष्कर्ष संसदेत सांगितले, पण अहवाल मात्र गुप्त ठेवला. ते निवेदन जरूर वाचावं असं आहे. डोंगरातल्या लढाईचं प्रशिक्षण अपुरं होतं, साधनसामग्री कमी होती, वरच्या फळीतले अधिकारी खालच्या तुकड्यांच्या बारीकसारीक हालचालींत हात घालत होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केलं. आणि मग एक फार नेमकी गोष्ट सांगितली : कितीही मोठ्या सैन्याला सरकारकडून धोरणाची दिशा आणि मुख्य आदेश मिळायला हवेत, आणि ते आदेश सैन्याच्या आकाराशी व साधनांशी मेळ खाणारे हवेत. म्हणजे सैन्याला ‘शत्रूला हाकला’ म्हणण्याआधी त्याच्याकडे बूट आहेत का ते बघणं ही सरकारची जबाबदारी. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारबद्दल, नेहरू पंतप्रधान असताना, इतक्या सभ्य शब्दांत इतकी कडक गोष्ट सांगणं सोपं नव्हतं.

बूट, खेचरं आणि पाच हजार कोटी

आता प्रश्न आला पैशांचा. बासष्टच्या आधी देशाचा संरक्षणखर्च वर्षाला तीनशे कोटी रुपयांच्या आसपास होता. १९६३-६४ मध्ये तो आठशे कोटींच्या पुढे गेला. हा पैसा लोकांच्या खिशातून आला. सक्तीची बचत आली, कर वाढले, आणि सोन्यावरचं नियंत्रण आलं. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी होती, त्यामुळे सोनारांच्या पेढ्या ओस पडल्या. ज्यांच्या घरात त्या काळात लग्नं झाली त्यांच्या आजी-आजोबांना ही आठवण असेल.

यशवंतरावांनी हा पैसा तात्पुरत्या खरेदीत उडवला नाही. १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली, सुमारे पाच हजार कोटी रुपयांची. उद्दिष्टं ठरली : सव्वाआठ लाखांचं लष्कर, हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन, सीमेवर रस्ते, देशात शस्त्रं बनवण्याची क्षमता. तोपर्यंत संरक्षणाचा हिशेब वर्षाच्या अंदाजपत्रकापुरता असायचा. पण विमान तयार व्हायला आणि वैमानिक शिकायला वर्षं लागतात, म्हणून नियोजनही वर्षांचं हवं, ही गोष्ट सरकारच्या कामकाजात या योजनेमुळे रुजली.

या योजनेतली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे दहा पर्वतीय डिव्हिजन. डिव्हिजन म्हणजे साधारण पंधरा हजार माणसांची, स्वतःच्या तोफा, इंजिनिअर, दवाखाने आणि रसद असलेली स्वतंत्र फौज. मैदानी डिव्हिजन ट्रकांवर आणि जड तोफांवर चालते. ट्रक जिथे पोहोचत नाहीत तिथे तिचा उपयोग संपतो. पर्वतीय डिव्हिजन वेगळी बांधलेली असते. तिच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादता येतात, वाहनं कमी आणि हलकी असतात, कपडे, तंबू, स्टोव्ह थंडीला टिकणारे असतात. आणि माणसं उंचीला सरावलेली असतात. सपाटीवरून आलेल्या जवानाला एकदम चौदा हजार फुटांवर नेलं तर विरळ हवेत त्याची फुप्फुसं पाण्याने भरू शकतात, गोळी न लागताही तो मरू शकतो. त्याला टप्प्याटप्प्याने, दिवस मोजून वर चढवावं लागतं. बासष्टमध्ये ही सवड कुणी दिली नव्हती.

अधिकारी कमी होते म्हणून तातडीची कमिशन दिली गेली. हजारो तरुण थोड्या महिन्यांच्या प्रशिक्षणावर लेफ्टनंट झाले. देशभर नवे शस्त्रास्त्र कारखाने निघाले. भंडारा, वरणगाव, नागपूरजवळचं अंबाझरी ही आपल्याकडची नावं त्याच विस्तारातली.

विमानांसाठी मात्र बाहेर जावं लागलं. मे १९६४ मध्ये यशवंतराव वॉशिंग्टनला गेले. समोर होते अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा, मोटार कंपनीतून आलेले, प्रत्येक गोष्ट आकड्यांत मोजणारे. भारताला एफ-१०४ ही अत्याधुनिक लढाऊ विमानं हवी होती. पाकिस्तानला ती मिळाली होती, भारताला द्यायला अमेरिका तयार झाली नाही. यशवंतराव तिथे असतानाच, २७ मे रोजी, नेहरू गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिग-२१ चा कार्यक्रम पक्का झाला. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी ठरली. ऑक्टोबर १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही एकत्रित कंपनी उभी राहिली. यशवंतराव तेव्हा लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधी होते, १९६३ च्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आलेले. भारताची शस्त्रखरेदी पुढची कित्येक दशकं मॉस्कोकडे का झुकलेली राहिली, याचं मोठं कारण त्या १९६४ च्या नकारात आहे.

एक सप्टेंबरची दुपार

१९६५ च्या उन्हाळ्यात कच्छच्या रणात पाकिस्तानने चाचपणी केली. ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर पाठवले. १ सप्टेंबरला पहाटे पॅटन रणगाड्यांसह छांब भागात जोरदार हल्ला चढवला. अखनूरचा पूल त्यांच्या हाती पडला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडच्या आपल्या फौजांचा रस्ता तुटला असता.

दुपारी जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांच्या खोलीत आले. मागणी एकच, विमानं वापरायची परवानगी. यात धोका काय होता तो समजून घ्यायला हवा. बासष्टमध्ये भारताने लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, कारण वापरली तर शत्रू आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल ही भीती. विमानं उडवणं म्हणजे सीमेवरच्या चकमकीचं उघड युद्धात रूपांतर करणं. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाकडे नेणं रीतसर झालं असतं. पण बैठक बोलवायला दोन तास लागले असते, आणि दोन तासांत अंधार पडला असता. यशवंतरावांनी बैठकीची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला. विमानं किती वेळात पोहोचतील, या प्रश्नावर अर्जनसिंग यांचं ‘तासाभरात’ हे उत्तर प्रसिद्ध आहे. पठाणकोटहून पहिली व्हँपायर विमानं ५ वाजून १९ मिनिटांनी उडाली.

त्या संध्याकाळी चार व्हँपायर पडली. ती जुनाट विमानं होती, पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांपुढे टिकणारी नव्हती. काही हल्ले गोंधळात आपल्याच तुकड्यांवर झाले. हा निर्णयाचा दुसरा चेहरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही पाकिस्तानी रणगाड्यांचा वेग मोडला, रात्र मिळाली, आणि अखनूर वाचलं. मंत्र्याने किती वाजता, कोणत्या तळावरून, कोणती विमानं हे ठरवलं नाही. उडायचं की नाही एवढंच ठरवलं आणि त्याची सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. चेअरमनचं काम ते हेच.

दोन दिवसांनी पंतप्रधान शास्त्रींनी युद्धाची उद्दिष्टं सांगितली. काश्मीर बळाने घेण्याचा पाकिस्तानचा प्रयत्न हाणून पाडायचा, त्याची आक्रमणाची ताकद मोडायची, आणि त्यासाठी लागेल तेवढाच प्रदेश ताब्यात घ्यायचा, जो पुढे समाधानकारक तोडगा निघाल्यावर सोडायचा आहे. बासष्टच्या ‘हाकलून द्या’शी हे ताडून पाहा. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने गेल्या.

आणि मग आले ८ ते १० सप्टेंबर हे दिवस. खेमकरण भागात पाकिस्तानी चिलखती डिव्हिजन आत घुसली. यशवंतराव युद्धकाळात रोजनिशी लिहीत. ९ सप्टेंबरची नोंद अशी की दिवस सगळ्या आघाड्यांवर फार कठीण गेला, कसूर भागात मागे यावं लागलं, लष्करप्रमुख काहीसे अस्थिर वाटले, आणि आपण त्यांना पुढच्या आघाडीवर जाऊन या असं सुचवलं, म्हणजे त्यांचा वस्तुस्थितीशी संबंध राहील.

मला ही नोंद फार मोलाची वाटते. समोरचा सेनापती डगमगतोय हे मंत्र्याला दिसलं. त्याने त्याला झापलं नाही, बदललं नाही, स्वतः नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडले नाहीत. त्याला त्याच्या माणसांमध्ये पाठवलं. पश्चिम आघाडीचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांनी नंतर लिहिलं की त्याच दिवसांत चौधरींनी फौजा बियास नदीपर्यंत मागे घेण्याचं सुचवलं होतं आणि आपण नकार दिला. अमृतसर सोडून द्यावं लागलं असतं. असल उत्तरच्या उसाच्या शेतांत पाणी सोडून जवानांनी पॅटन रणगाडे चिखलात रुतवले, हवालदार अब्दुल हमीद तिथेच लढताना पडले, आणि लढाई फिरली. पुढच्याच आठवड्यात सियालकोट भागात पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांनी प्राण दिले. दोघांनाही परमवीरचक्र.

जे विचारायचं राहिलं

आतापर्यंतची गोष्ट गौरवाची आहे. पुढचीही तितक्याच आदराने सांगायला हवी.

युद्ध तिसऱ्या आठवड्यात आलं. संयुक्त राष्ट्रांकडून शस्त्रसंधीचा दबाव होता. आणखी थोडे दिवस लढलो तर ठळक विजय मिळेल का, असं शास्त्रींनी लष्करप्रमुखांना विचारलं. चौधरींचं उत्तर होतं की आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा संपला आहे आणि रणगाड्यांचं नुकसानही मोठं आहे. सरकारने शस्त्रसंधी स्वीकारली, २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. नंतर हिशेब लागला तेव्हा दिसलं की आघाडीवरचा जेमतेम १४ टक्के दारूगोळा वापरला गेला होता, आणि रणगाडे पाकिस्तानपेक्षा आपल्याकडेच कितीतरी जास्त शिल्लक होते.

बगॅस किती उरलाय, हा प्रश्न चीफ इंजिनिअरला विचारला गेला, पण गोदामात जाऊन पोती कुणी मोजली नाहीत. बासष्टच्या ढवळाढवळीने पोळलेलं राजकीय नेतृत्व आता सेनापतीचा शब्द तपासून बघायलाही कचरत होतं. यशवंतरावांनी आखलेली रेषा योग्यच होती, फक्त ती पाळताना सगळे जण गरजेपेक्षा एक पाऊल जास्त मागे सरकले, असं माझं मत आहे. आकडा मागणं म्हणजे हस्तक्षेप नव्हे.

नौदलाची गोष्ट याच्या नेमकी उलटी. नौदलप्रमुख भास्कर सदाशिव सोमण यांना सांगण्यात आलं की मुंबईपासून २०० मैलांपलीकडे आणि पोरबंदरच्या उत्तरेला आक्रमक कारवाई करायची नाही. त्यामागे विचार होता : युद्ध समुद्रात पसरू नये, शिवाय इंडोनेशियाच्या सुकार्नोंची सहानुभूती पाकिस्तानकडे असल्याने अंदमानची चिंता होती. विक्रांत ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपलं नौदल उत्तर देऊ शकलं नाही. नुकसान फार झालं नाही, पण नौदलाच्या मनाला ती जखम कित्येक वर्षं सलत राहिली. तिन्ही दलांनी मिळून आखलेली एकत्र योजना त्या युद्धात नव्हतीच. सकाळच्या बैठकीत तिघे प्रमुख एकत्र बसत होते, तरी लढताना मात्र तिन्ही दलं आपापली लढत होती. तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख रुजू व्हायला २०२० साल उजाडलं.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींबरोबर यशवंतराव ताश्कंदला होते. १० तारखेला करार झाला, जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यायचं ठरलं, आणि त्याच रात्री शास्त्री गेले. नोव्हेंबर १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी यशवंतरावांना गृहमंत्री केलं आणि त्यांची साउथ ब्लॉकमधली चार वर्षं संपली.

नंतर

त्यांच्या कामाचं फळ दिसलं, पण यशवंतराव त्या खुर्चीवर नसताना. १९६७ मध्ये सिक्कीमच्या नथू ला खिंडीत चिनी सैन्याशी गाठ पडली तेव्हा भारतीय तोफखाना मागे हटला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नौदलात पहिली पाणबुडी, कलवरी, दाखल झाली. तिच्यासाठीची बोलणी यशवंतरावांच्या काळातली. मुंबईत माझगाव गोदीत नीलगिरी ही देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका आकार घेऊ लागली. आणि १९७१ मध्ये, चिनी सीमेसाठी उभारलेल्या पर्वतीय डिव्हिजनांपैकी कित्येक पूर्व बंगालच्या नद्या-नाल्यांच्या मैदानात उतरल्या आणि ढाक्यापर्यंत गेल्या. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद असतात, चीन येऊ शकत नाही, म्हणून त्या तिकडून काढता आल्या. त्या युद्धाच्या वेळी यशवंतराव अर्थमंत्री होते. एक कोटी निर्वासितांचा आणि युद्धाचा खर्च कुठून उभा करायचा, हा प्रश्न आता त्यांच्या टेबलावर होता.

२५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये ती युद्धकाळातली रोजनिशी पुस्तकरूपाने लोकांसमोर आणली. पासष्टमध्ये मंत्र्याच्या खोलीत काय घडलं ते आज कुणालाही वाचता येतं, सेनापतीच्या डळमळण्यासकट. बासष्टचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने आजपर्यंत खुला केलेला नाही. काही भाग २०१४ मध्ये बाहेर फुटला, एवढंच. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत उभं राहून जे वाचून दाखवलं, तेवढंच अजूनही देशाच्या हाती अधिकृतपणे आहे.